पावतीपेक्षा थेंबभर जास्त

घर तापवायचं तेल मीटरवर मोजतात असं ज्याला वाटतं, तो माणूस ड्रोसोवुनीचा नव्हे. आमच्या गावात तेल पाइपावर मोजतात. ऑक्टोबरच्या मध्याला विक्री सुरू झाली की मेनेलाओसचा टँकर धापा टाकत चढ चढून येतो, अंगणात उभा राहतो, आणि घरातली म्हातारी, सून, शेजारीण, असतील नसतील तेवढी माणसं दाराशी गोळा होतात. मेनेलाओस कॉक फिरवतो. पाइपाला कंप सुटतो, तो उसळतो, फरशीवर आपटतो, हिसके देतो. लोक म्हणतात, आलं, आलं! पाइप जितका नाचेल तितकं तेल जोरात येतंय, असा इथला हिशेब. टाकीत गळ्यापर्यंत फेस चढतो. काठी बुडवून बघावी तर काठी वरपर्यंत भिजलेली. दुसऱ्या दिवशी तेल चांगलं वीतभर खाली बसलेलं दिसतं, तेव्हा लोक म्हणतात, थंडीनं आखडलं. थंडीनं माणूस आखडतो, तर तेलानं काय घोडं मारलंय?

आणि खरी मजा तर त्यानंतर. मीटर थांबलं, पावती फाडून झाली, की मेनेलाओस टँकरच्या मागच्या नळाखाली पाच लिटरचा डबा धरायचा, भरायचा आणि घरच्या बाईच्या हातात द्यायचा. "हे माझ्याकडून." बस्स, एवढंच. पावतीत नाही, मीटरवर नाही, फक्त प्रेमाखातर. बाईचे डोळे भरून यायचे. आतून त्सिपुरोची, म्हणजे घरी गाळलेल्या द्राक्षाच्या दारूची, बाटली निघायची, वर शेपूचा पाला भरून भाजलेली पिटा निघायची, आणि मेनेलाओस एक घोट घेऊन पुढच्या अंगणात जायचा. देवमाणूस हो! गावातल्या निम्म्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं हातात धरून तेल चोळलंय, उरलेल्या निम्म्यांच्या लग्नात त्यांच्या डोक्यावर मुकुट धरलेत. अशा गावात तेलाचा दुसरा टँकर कोण आणेल? एक तर वेड लागलेला, नाहीतर जर्मनीहून परत आलेला. त्रायानोस दोन्ही होता.

वीसेक वर्षं त्यानं श्टुटगार्टच्या बाजूला तेलाचाच टँकर चालवला. तिथे त्याला कुणी त्याच्या बापाच्या टोपणनावानं हाक मारत नव्हतं, कुणी त्याच्या नाकाची चेष्टा करत नव्हतं, म्हणून तो फार उदास असायचा. बाप गेला तेव्हा हा कुठल्याशा घाटात टँकरसकट बर्फात अडकला होता. मातीला पोचला नाही. ते त्याच्या जिवाला लागून राहिलं. आता मागे आई होती, थोमाई, ऐंशीच्या घरातली, एकटी. तिच्या वेळी तरी आपण गावात असायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि साठवलेलं सगळं घालून एक छोटा, जुना, पण ठणठणीत टँकर घेतला.

त्याची बायको आर्गिरो शहाणी बाई. ती रडली नाही, भांडली नाही. तिनं एवढंच सांगितलं की एक हिवाळा बघू. टँकरवर घर चाललं तर राहू, नाही चाललं तर ईस्टरनंतर परत जायचं. तिच्या भावाच्या गोदामात त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली होतीच. तिनं मोठी सूटकेस कपाटावर न ठेवता दाराच्या मागेच ठेवली, आणि त्रायानोस येता-जाता तिला अडखळायचा.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक फानीमावशी. म्हणजे सख्खी मावशी नव्हे, पण तिला मावशी म्हटलं नाही तर ती दार उघडत नाही. मेनेलाओसचा टँकर त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेला होता आणि फानीमावशीचे पाय गारठले होते, म्हणून तिनं याला बोलावलं. त्रायानोसनं जर्मनीत शिकल्याप्रमाणे आधी पंपातली न् पाइपातली हवा बाहेर काढली, मग मीटर शून्यावर आणलं, मग कॉक उघडला. कारण हवा आत राहिली की तीही मीटरातून जाते, आणि मीटर बिचारं जे जाईल ते मोजतं. तेल गेलं काय न् वारा गेला काय, त्याला दोन्ही सारखंच. हवा नाही म्हटल्यावर पाइप हलेना. अंगणात गप पडून राहिला.

फानीमावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं, येतंय का? त्रायानोस म्हणाला, येतंय की. ती म्हणाली, दिसत तर नाही. त्यानं मीटर दाखवलं. तिनं मीटरकडे अशी नजर टाकली जशी परक्या माणसानं दाखवलेल्या नातवाच्या फोटोकडे टाकतात. भरून झाल्यावर ती डबा मिळेल म्हणून हात पुसून उभी राहिली. त्रायानोसनं पावती दिली, आभार मानले, पाइप गुंडाळला आणि निघाला. त्सिपुरोची बाटली टेबलावर काढून ठेवली होती, ती तिनं परत आत नेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. थोमाईच्या पोराचा पाइप मेल्यासारखा पडून असतो. आणि हात इतका आखडता की डबा तर सोडाच, वाटीभर तेल सांडलंसुद्धा नाही.

डिसेंबरपर्यंत त्रायानोसकडे फक्त तीच गिऱ्हाइकं उरली ज्यांचं मेनेलाओसशी शेताच्या बांधावरून किंवा निवडणुकीतल्या मतांवरून वाजलं होतं, आणि ती काही फार नव्हती. शेवटी एका रविवारी तो कॉफीघरात उभा राहिला आणि लोकांना हवेची गोष्ट समजावून सांगितली. बिअर ओतून फेस दाखवला. फेस बसल्यावर ग्लासात किती उरतं तेही दाखवलं. लोकांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही, उलट दोघातिघांनी मान डोलावली. त्याला वाटलं, जमलं. मग कॉफीघराचा मालक पासखालिस टेबल पुसता पुसता म्हणाला:

"त्रायानोस, मला एक सांग. मेनेलाओस पाच लिटर वर देतो की नाही?"

"देतो."

"आणि तू?"

"मी देत नाही, पण मी—"

"मग चोर कोण?"

सगळं कॉफीघर त्रायानोसकडे बघत होतं, आणि रागानं नव्हे, कीव आल्यासारखं बघत होतं. त्यानं ती बिअर पिऊन टाकली आणि घरी गेला.

घरी जाताना आईच्या अंगणात त्याला ताज्या तेलाचा वास आला. टँकरच्या चाकांच्या खुणा होत्या, आणि त्या त्याच्या टँकरच्या नव्हत्या. थोमाई मुळीच लाजली नाही. तिनं त्यालाच झापलं. मेनेलाओसनं तुला बाप्तिस्म्याला हातात घेतलं, म्हणाली, नाव त्यानं ठेवलं, अंगाला पहिलं तेल त्यानं लावलं. मी दुसऱ्याकडून तेल घेतलं तर चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसू? त्रायानोस म्हणाला, आई, दुसरा म्हणजे मी ना. ती म्हणाली, तू माझा मुलगा आहेस, दुसरा कसा असशील, पण तेल मेनेलाओसचं. वर तिनं तो पाच लिटरचा डबा त्याच्यासमोर ठेवला. घेऊन जा, म्हणाली, तुझ्या घरी गारठा असतो.

तो डबा घेऊन तो घरी आला, तेव्हा आर्गिरोनं आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पोटावर हात धरून हसत सुटली. हसून झाल्यावर ती गंभीर झाली. तिच्या भावाचा फोन येऊन गेला होता. गोदामवाले वाट बघून कंटाळले होते.

"तुला इथे राहायचंय ना?" ती म्हणाली. "मग ऐक. लोकांना तेल नकोय रे. लोकांना कुणीतरी काहीतरी दिलं पाहिजे. तर दे."

"कुठून देऊ? मला लिटरमागे सुटतंच किती?"

"त्यांच्याचकडून घे आणि त्यांनाच दे. मेनेलाओस दुसरं काय करतो?"

त्रायानोसला ते पटायला आठवडा लागला. पण त्यानं त्यातही आपला जर्मन प्रामाणिकपणा घुसवला. लिटरमागे दोन सेंट चढवले, आणि जेवढे जास्त घेतले तेवढ्याचं तेल डब्यातून परत द्यायचं ठरवलं. पाचशे लिटर घेणाऱ्याला दहा लिटरचा डबा. ना त्याचं नुकसान, ना गिऱ्हाइकाचं. फसवणूक नाही, फक्त जरा वळसा घालून तेच. देण्याचं मात्र त्याला जमेना. आर्गिरो स्वयंपाकघरात गिऱ्हाईक होऊन उभी राहायची आणि हा ऑलिव्हचा डबा पुढे करून म्हणायचा, हे माझ्याकडून. कोर्टाची नोटीस बजावल्यासारखं म्हणायचा. ती म्हणायची, पुन्हा. डोळे खाली कर. जरा अवघडल्यासारखा दिस. हां, आता बरं.

पुन्हा पहिली फानीमावशीच. पाइप तसाच गप पडला होता आणि ती तोंड वाकडं करून उभी होती. मग डबा आला. तिनं उचलून बघितला. पाचाचा नव्हता, दहाचा होता. एका हातानं उचलेना! तिनं त्रायानोसच्या गालाचा मुका घेतला आणि लग्नात काढायची ती क्विन्सच्या मुरंब्याची बरणी त्याच्यासाठी काढली. भाव वाढल्याचं तिच्या लक्षात आलं होतं बरं का. ती शेजारणीला म्हणाली, महाग देतोय म्हणजे माल चांगला असणार.

जानेवारी संपेपर्यंत चित्र पालटलं. त्रायानोसला दुपारचं जेवायला फुरसत मिळेना. मेनेलाओसचे नातेवाईक आधी गुपचूप, मग उघड त्याच्याकडे यायला लागले. बाप्तिस्म्याचं नातं पाच लिटरपर्यंत टिकतं, दहाला तुटतं, हे गावाला तेव्हा कळलं. आर्गिरोनं सूटकेस दारामागून उचलली आणि माळ्यावर टाकली. त्या दिवशी त्रायानोस येता-जाता कशालाच अडखळला नाही, आणि त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच टँकरमध्ये बसून मोठ्यानं गायला. फक्त थोमाई बधली नाही. ती म्हणाली, माझं तेल मेनेलाओसचंच.

मेनेलाओस एकदा कॉफीला येऊन गेला. भांडायला नव्हे. गुडघे चोळत बसला, आर्गिरोच्या हातच्या पिटाची तारीफ केली. मग म्हणाला, "पोरा, दहा? पाचाची रीत आहे. तू लोकांना बिघडवतोयस."

"नुनो, मी त्यांचंच त्यांना देतोय," त्रायानोस म्हणाला. नुनो म्हणजे बाप्तिस्म्याचा बाप. लहानपणापासून तो त्याला तसंच म्हणत आला होता.

"तेच तर," मेनेलाओस म्हणाला. "त्यांचं त्यांना कधी द्यायचं नसतं." आणि कॉफी संपवून गेला.

फेब्रुवारीत तपासणी आली. कुणी कळवलं होतं की दरसालची होती, देव जाणे. एक तरुण बाई, जाड जाकीट, थंडीनं लाल झालेलं नाक, सोबत मापाची भांडी घेऊन एक मदतनीस. दोन्ही टँकर चौकात उभे केले आणि सगळं गाव शेंगदाणे खात बघायला जमलं. आधी मेनेलाओसचं मीटर तपासलं. थेंबाचाही फरक नाही. फरक कशाला निघेल? मीटर चोख होतं, खोट वाऱ्यात होती, आणि तपासणीसाठी पंप आधीच तेलानं गच्च भरलेला होता. मग त्रायानोसचं तपासलं. तेही चोख. बाईनं दोघांनाही शिक्के दिले, तिला गरम डोंगरी चहा दिला गेला, आणि सगळं तिथेच संपलं असतं.

पण फानीमावशीला राहवलं नाही. शिक्का दोघांनाही सारखाच मिळाला, हा तिला आपल्या पोरावर अन्याय वाटला. ती पुढे झाली आणि म्हणाली, बाई, हेही लिहा की हा आमचा त्रायानोस पाचशेवर दहा लिटर जास्त देतो. पावतीशिवाय! मनानं! झालं. ती बोलली म्हटल्यावर बाकीचे मागे कशाला राहतील? मलाही दहा दिले, एक म्हणाला. मला तर बारा, दुसरा म्हणाला, हे खोटं होतं, पण चांगल्या हेतूनं होतं. पासखालिस म्हणाला की मी चार डबे माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्रायानोस हात हलवून त्यांना गप करायला बघत होता, आणि लोकांना वाटलं, बघा कसा संकोची आहे, आणि ते जास्तच जोरात बोलायला लागले. बाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि लिहायला घेतलं.

पावतीबाहेरचं तेल म्हणजे करचुकवीचं तेल, मग ते प्रेमानं दिलेलं असो की शिव्या देत. बाईनं त्रायानोसला विचारलं, हे दहा लिटर येतात कुठून? त्या बिचाऱ्यानं खरं ते सांगितलं. म्हणाला, फुकट नाही देत बाई, किमतीत धरलेलं असतं. तिनं पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे पाचशे दहा विकता आणि पावती पाचशेची देता?"

तसं बघितलं तर अगदी तसंच होतं. मग बाई मेनेलाओसकडे वळली आणि तिनं विचारलं की तुम्हीही डबा देता म्हणे. मेनेलाओसनं टोपी काढली.

"बाई," तो म्हणाला, "या चर्चसमोर उभा राहून सांगतो. चाळीस वर्षांच्या धंद्यात मी कुणालाही पावतीपेक्षा थेंबभर जास्त दिलेलं नाही. कुठलीही टाकी मोजा."

आणि हे अक्षरशः खरं होतं. चौकात हशा पिकला. लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. सरकारी बाईच्या तोंडावर कसं बेमालूम खोटं बोलतो बघा, आपल्याला सांभाळून घेतो! मेनेलाओसबद्दलचं प्रेम त्या एका वाक्यानं पुन्हा उफाळून आलं. खुद्द फानीमावशीनं डोळे पुसले.

त्रायानोसचा तेलविक्रीचा परवाना काढून घेतला. दंड असा बसला की तो भरायचा तर टँकर विकण्यावाचून इलाज नव्हता. आणि गावाचं म्हणाल, तर त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. अहो, दहा लिटर? सख्खा बाप देत नाही कुणाला दहा लिटर. कुठून तरी काळंबेरं असणारच. फानीमावशी मात्र त्याच्या बाजूनं बोलायची. म्हणायची, चोर असेल, पण मन मोठं.

आर्गिरोनं सूटकेस माळ्यावरून खाली काढली. रात्री तो आईकडे जाऊन बसायचा. थोमाई झोपली की तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसायचा. आपण पुन्हा कुठल्यातरी घाटात अडकलेले असू आणि हिला माती द्यायला पासखालिस आणि इतर कुणीतरी असतील, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहायचं.

तेव्हा मेनेलाओस दुसऱ्यांदा आला. दंड मी भरतो, म्हणाला. टँकर माझ्या नावावर कर. माझे गुडघे गेलेत, चढ चढवत नाही, कॉक फिरवायला वाकवत नाही. तू चालव, महिन्याच्या महिन्याला पगार घे. तुला गाव हवंय, मला पाय हवेत. त्याच्या बोलण्यात जरासुद्धा विष नव्हतं. तो खरंच भला माणूस होता, म्हणून तर इतकी वर्षं चाललं. त्रायानोसनं आर्गिरोकडे पाहिलं. ती म्हणाली, राहायचंय ना तुला? मग राहा. आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेली.

पहिली खेप थोमाईची निघाली. मेनेलाओस शेजारच्या सीटवर बसून आला आणि दार उघडं ठेवून तिथेच बसून राहिला. थोमाई शाल पांघरून दाराशी उभी होती. मुलगा तेल घालायला आलाय आणि तेल मेनेलाओसचं, तिच्या दृष्टीनं याहून चांगलं काही घडू शकत नव्हतं. त्रायानोसनं सवयीनं आधी हवा काढली, मीटर शून्यावर आणलं, कॉक उघडला. पाइप अंगणात गप पडला.

थोमाईचा चेहरा उतरला. तिनं पाइपाकडे पाहिलं, मग पोराकडे, मग टँकरमध्ये बसलेल्या मेनेलाओसकडे. ती पोराची लाज झाकल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "मेनेलाओस, याला अजून नीट येत नाही. तू जरा सांग ना त्याला."

मेनेलाओस समोर डोंगराकडे बघत राहिला. त्रायानोसनं एकदा आईच्या खिडक्यांकडे पाहिलं, खालच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून तिनं तिथे जुने टॉवेल कोंबले होते. मार्चची थंडी अजून पुरती जायची होती. त्यानं कॉक बंद केला, हवा आत घेणारी खुंटी सोडली आणि कॉक पुन्हा उघडला. पाइप थरारला, उसळला आणि फरशीवर आपटायला लागला. मीटर भराभर फिरू लागलं.

"आता आलं!" थोमाई म्हणाली. तिनं दोन्ही हात जोडून छातीशी धरले. पाइप थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग पोराजवळ आली, त्याचे तेलकट हात तिनं आपल्या शालीच्या टोकानं पुसले आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"इतकी वर्षं जर्मनीत काय करत होतास कोण जाणे," ती म्हणाली. "शेवटी शिकलास माझ्या बाळा."

त्रायानोस हो म्हणाला, आणि डबा भरायला टँकरच्या मागे गेला.